गल्ल्यातली चिल्लर : रोजच्या सुट्ट्या पैशांतून जुनी आणि दुर्मीळ नाणी कशी शोधावीत

आमचं किराणा दुकान होतं. रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजायचं काम माझ्याकडे असायचं. रुपयांचा ढीग वेगळा, दोन रुपयांचा वेगळा, पाचांचा वेगळा. एका रात्री रुपयांच्या ढिगात एका नाण्यावर अंगठा थांबला. आकडा असतो त्या बाजूला चेहरा होता, खाली ‘संत ज्ञानेश्वर’ आणि १९९९ साल. घरात वारीची परंपरा. आजीनं ते नाणं माझ्या हातून घेतलं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं. गल्ल्यात त्याच्या जागी तिनं स्वतःच्या बटव्यातला रुपया टाकला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नाणं उलटून बघायला लागलो. सुरुवातीची काही वर्षं विचारायला कुणी नव्हतं. चुका झाल्या, चांगली नाणी हातानं खराब केली, फालतू नाणी जपून ठेवली. हे लिहितोय ते तुमची ती वर्षं वाचावीत म्हणून.

१. आधी अपेक्षा ठरवा

तुमच्या खिशातल्या बहुतेक नाण्यांची किंमत त्यांच्यावर लिहिलेली आहे तेवढीच आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘हे नाणं असेल तर लखपती व्हाल’ छापाच्या व्हिडिओंमुळे कुणी या छंदाकडे वळत असेल, तर त्यानं आधी खालचं नववं प्रकरण वाचावं.

मिळतं काय, तर बंद झालेल्या घडणीची नाणी, थोरामोठ्यांच्या स्मरणार्थ काढलेली नाणी, परदेशी टांकसाळीत पाडून आणलेली नाणी, आणि क्वचित छापताना चुकलेलं एखादं नाणं. यातली बरीचशी दर्शनी किमतीपेक्षा थोड्याच जास्त भावानं विकली जातात. पण एक रुपया देऊन एक रुपया घ्यायचा आणि त्यात तुकोबा सापडायचे, असा हा शोध आहे. त्यात तोटा कसलाच नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. त्यामुळे आजच्या व्यवहारात कायदेशीरपणे फिरतात ती ५० पैशांपासून २० रुपयांपर्यंतची नाणी. पन्नास पैसेही दुकानदार घेत नाहीत, पण ते बाद झालेले नाहीत. म्हणजे शोधाच्या जागा दोन : एक चालू चिल्लर, दुसरी घरातला जुना डबा. दोन्हींची रीत वेगळी आहे.

२. साहित्य

फार काही लागत नाही.

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं चालतं.
- ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा.
- व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. प्लॅस्टिकचा स्वस्तातलाही चालेल.
- एक लोहचुंबक. फ्रिजला चिकटवायचा असतो तो पुरतो.
- पांढरा मऊ कपडा, नाणी त्यावर पसरायची.
- वही आणि पेन्सिल.

भिंग आणि चुंबक एवढ्यावर मी पहिली तीन वर्षं काढली. अल्बम, कप्पे, पाकिटं यांवर सुरुवातीलाच पैसे घालू नका.

३. चिल्लर आणायची कुठून

यूपीआय आल्यापासून खिसे रिकामे झाले, हे खरं. वडापावच्या गाडीवरही लोक मोबाइल पुढे करतात. तरीही नाणी जिथे वाहती आहेत अशा जागा उरल्या आहेत : भाजी मंडई, चहाची टपरी, दूधवाला, रिक्षावाले, एसटीचे वाहक, आणि सगळ्यांत मोठी जागा म्हणजे देवळं.

दानपेटीतली चिल्लर हे वेगळंच भांडार असतं, कारण लोक घरातल्या डब्यातलं जुनं नाणंही भक्तिभावानं पेटीत टाकतात. विश्वस्तांना भेटून सरळ सांगा : मोजणीच्या दिवशी मदतीला येतो, नोटा देतो, त्याबदल्यात तेवढ्याच किमतीची नाणी द्या. पावती मागा. मोजणी सुरू असताना परवानगीशिवाय एकही नाणं वेगळं काढू नका, भले त्याच्या जागी दुसरं टाकायचं असेल. गावातला विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही.

ओळखीच्या किराणावाल्याशी संधान बांधा. त्याला कायम सुट्ट्यांची अडचण असते. तुम्ही त्याला मोजून, नीट लावून चिल्लर परत देणार असाल, तर तो आठवड्याला एक पिशवी आनंदानं देईल. बँकेतही विचारा, शाखेत नाण्यांची पिशवी पडून असेल तर नोटांच्या बदल्यात मिळते. मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि दुपारच्या गर्दीत जाऊ नका.

पाहून झालेली चिल्लर परत बँकेत भरताना एक आणि दोन रुपयांची नाणी शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्यांत घालून न्या. बँकांनी नाणी स्वीकारली पाहिजेत अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत आणि शंभरच्या पिशव्या सोयीच्या पडतात असंही त्यांत म्हटलेलं आहे. कुरकुर झालीच तर हे शांतपणे सांगा.

४. नाणं वाचायला शिका

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. नवखा माणूस चेहरा आणि आकडा बघून नाणं खाली ठेवतो. खरी माहिती त्याच्याही खाली असते.

*साल.* पहिल्यांदा साल बघा. ते मूल्याच्या बाजूला असतं. स्मारक नाण्यांवर चित्राच्या बाजूला.

*टांकसाळीची खूण.* सालाच्या अगदी खाली भिंग धरा. भारतात चार सरकारी टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल टिंब असेल तर नोएडाचं. ही टांकसाळ सगळ्यांत नवी, तिचं काम १९८८ साली सुरू झालं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी दुभागलेली चौकट किंवा चौकटीत टिंब अशाही खुणा सापडतात.

इथे नवखे लोक हमखास फसतात. झिजलेल्या नाण्यावर मुंबईची चौकट गोल दिसायला लागते आणि माणूस ती नोएडाची समजतो. साल १९८८च्या आधीचं असेल तर नोएडाचा प्रश्नच नाही. शंका असेल तर नाणं उजेडात तिरकं धरून फिरवा. चौकटीचं एखादं टोक तरी चमकतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. १९८५च्या एका रुपयावर सालाखाली रोमन ‘एच’ दिसला आणि मी बेधडक वहीत ‘हैदराबाद’ लिहिलं. दोन वर्षांनी एका जुन्या संग्राहकानं समजावलं. त्या काळात देशात नाण्यांचा तुटवडा होता, म्हणून सरकारनं परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून घेतली. हा ‘एच’ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या टांकसाळीचा. ती हीटन घराण्यानं काढलेली, म्हणून एच. सालाखाली अक्षर दिसलं की ते नाणं बाजूला काढा आणि घाईनं शहराचं नाव लिहू नका.

*धातू.* चुंबक इथे कामाला येतो. १९९२ पासूनचा लहान, पांढुरका रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, तो चिकटतो. त्याच काळातलं अकरा बाजूंचं दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, ते चिकटत नाही. पाच रुपयांचं जुनं जाडजूड नाणंही तांबं-निकेलचं, वजन ९ ग्रॅम. मग २००७च्या सुमारास स्टीलचं आलं, आणि त्यानंतर पिवळसर, ६ ग्रॅमचं. एकाच सालाचं, एकाच चित्राचं नाणं दोन धातूंत निघाल्याची उदाहरणं आहेत. २००६ची काही पाच रुपयांची स्मारक नाणी अशीच आहेत. म्हणून सारखी दिसणारी दोन नाणी सापडली तर दोन्हींना चुंबक लावून बघा, मगच एक परत टाका.

*कड.* नाणं उभं धरून कडेनं फिरवा. साधी गुळगुळीत, दातेरी, की मधोमध खाच असलेली? पाच रुपयांच्या जाड नाण्याच्या कडेला मधोमध खाच आणि त्यात नक्षी असते, खोटं नाणं ओळखायला ती उपयोगी पडते. पाचाच्या खोट्या नाण्यांत ही नक्षी बहुधा भोंगळ असते.

*उलटसुलट.* नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटांत धरा आणि दारासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा. आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांत मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलेला आहे. असं नाणं ठेवून द्या.

५. चालू चिल्लरीतून काय बाजूला काढायचं

स्मारक नाण्यांपासून सुरुवात करा, कारण ती ओळखायला सोपी आणि लावायला सुंदर. मराठी माणसाला तर आपलीच माणसं भेटतात. ज्ञानेश्वरांचा एक रुपया १९९९चा, तुकोबांचा एक रुपया २००२चा. छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं अकरा बाजूंचं नाणं १९९९चं. लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं २००७चं. डॉ. आंबेडकरांचा एक रुपया १९९०चा, आणि त्यांच्या १२५व्या जयंतीचं दहा रुपयांचं नाणं २०१५चं. होमी भाभांचं दहा रुपयांचं २००९चं. दादाभाई नौरोजींचं पाच रुपयांचं २००३चं. त्याच २००३ साली रेल्वेला दीडशे वर्षं झाली म्हणून दोन रुपयांचं नाणं निघालं. त्यावर हातात कंदील घेतलेला हत्ती आहे, रेल्वेचा भोलू. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची ती आठवण. माझ्या मते दोन रुपयांच्या नाण्यांत हे सगळ्यांत गोड.

एवढी आठ-दहा नाणी वापरातल्या चिल्लरीतून जमवणं हे पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट ठेवा. विकत घेतली तर एका दुपारचं काम आहे, पण तसं करू नका. शोधताना हजारो नाणी डोळ्यांखालून जातात आणि नजर तयार होते ती त्यानंच.

मग बंद झालेल्या घडणी. १९९२च्या आधीचा मोठा रुपया, १९८२च्या सुमाराचं गोल, मोठं दोन रुपयांचं नाणं, हाताच्या मुद्रा असलेली २००७ नंतरची एक आणि दोन रुपयांची नाणी, एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची त्याआधीची नाणी. २०११ पासून रुपयाचं नवं चिन्ह नाण्यांवर आलं, म्हणजे चिन्ह नसलेलं प्रत्येक नाणं आता मागच्या पिढीचं आहे. साल आणि टांकसाळ मिळून संच लावायचा ठरवला, तर हीच नाणी वर्षानुवर्षं पुरतात.

दहा रुपयांच्या नाण्यावरून बाजारात अजून वाद होतात. कुणी म्हणतं पंधरा पाकळ्यांचं खोटं, कुणी म्हणतं चिन्ह नसलेलं खोटं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. या गैरसमजाचा तुम्हाला फायदाच आहे : दुकानदाराला जी नाणी नको असतात त्यांच्यात स्मारक नाणी भरपूर निघतात. पण त्याला ती वैध आहेत हेही सांगा. न सांगता घेणं मला पटत नाही.

चुकीच्या छपाईची नाणी हा शेवटचा आणि सगळ्यांत अवघड प्रकार. छाप एका बाजूला सरकून दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहिलेली, कडेचा तुकडा कापला गेलेली, एका बाजूला दुसऱ्या बाजूऐवजी पहिल्याच बाजूचं आत दबलेलं उलटं चित्र आलेलं, किंवा दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे एकत्र आलेलं. ही खरी चूक. रुळावर ठेवून चेपलेलं, हातोडीनं ठोकलेलं, कानशीनं घासलेलं, दहा रुपयांचा मधला गाभा ठोकून काढलेलं नाणं ही नासधूस आहे, तिला किंमत नाही. फरक ओळखायची खूण अशी : टांकसाळीतल्या चुकीत धातू वाहिलेला असतो आणि पृष्ठभाग एकसारखा दिसतो, नंतरच्या नासधुशीत ओरखडे, चकाकती ताजी कड आणि चपटलेली अक्षरं दिसतात.

६. घरातला डबा

चालू चिल्लरीत चांदी सापडत नाही. ती सापडते आजीच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या खणात, लक्ष्मीपूजनाच्या तबकात, कलशाच्या तळाशी. घरातल्या मोठ्यांना विचारून, त्यांच्यासमोर बसून हा डबा उघडा. नाण्यांबरोबर त्यांच्या गोष्टीही बाहेर येतात, त्याही वहीत लिहा.

आधी हिशोब समजून घ्या. जुना रुपया सोळा आण्यांचा, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चवली म्हणजे दोन आणे, पावली चार आणे, अधेली आठ आणे. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून नाण्यांवर ‘नया पैसा’ लिहिलं जाई. १ जून १९६४ला ‘नया’ हा शब्द गेला. म्हणून ‘नये पैसे’ लिहिलेलं नाणं हातात आलं की काळ आपोआप ठरतो.

डब्यात बहुधा हे निघेल : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला मधे भोक असलेला तांब्याचा पैसा (तांबं वाचवायला भोक पाडलं होतं), चौकोनी ॲल्युमिनियमचे पाच पैसे, षट्‌कोनी तीन पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, गेंड्याचे स्टीलचे पंचवीस पैसे. १९६४चं नेहरूंचं नाणं सापडलं तर जपा. स्वतंत्र भारताचं ते पहिलं स्मारक नाणं, पन्नास पैसे आणि एक रुपया अशा दोन किमतींत निघालेलं. १९७४चे ‘नियोजित परिवार, सबके लिये अनाज’ लिहिलेले दहा पैसेही बऱ्याच घरांत असतात.

पिवळे वीस पैसे, कमळाचे किंवा गांधीजींचे, साधारण १९६८ ते १९७१चे, हेही खूप घरांत पुरचुंडीत बांधून ठेवलेले सापडतात. त्यांत सोनं आहे अशी समजूत होती. त्यात सोनं नाही, तो तांब्याचा मिश्रधातू आहे. दिसायला मात्र ते फार देखणे आहेत.

चांदीच्या रुपयाकडे आता. राणीच्या आणि राजाच्या छापाचा जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा असे, म्हणजे बरोबर एक तोळा. सराफ आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, तो हा तोळा नव्हे. १९४० पासून चांदीचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि १९४७चा रुपया शुद्ध निकेलचा झाला. १९४७चा वाघाचा रुपया ‘चांदीचा’ म्हणून सर्रास विकला जातो. चुंबक लावा. निकेल चिकटतं, चांदी चिकटत नाही. एका मिनिटात निकाल लागतो.

सालाचीही गंमत आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ दिसलं की लोक हरखून जातात. पण ते साल पुढे बारा-एक वर्षं तसंच ठेवून रुपये पाडले जात होते. कंपनी सरकारच्या १८४० सालाच्या रुपयांचंही तेच. म्हणजे ही नाणी भरपूर आहेत. उलट पंचम जॉर्जचा १९११चा रुपया बघा. त्याच्या अंगावरच्या झग्यावर हत्तीचं चित्र आहे, पण सोंड आखूड पडल्यामुळे ते डुकरासारखं दिसलं आणि लोकांत संताप उसळला. नाणी मागे घेतली गेली, १९१२च्या रुपयावर हत्ती नीट दिसतो. वितरित झालेली १९११ची नाणी थोडी, म्हणून ती मागणीत. १९३९चा चांदीचा रुपया त्याहून दुर्मीळ, आणि म्हणूनच दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा बदलून केलेले बनावट १९३९ फिरतात. असा रुपया सापडला तर भिंगाखाली शेवटच्या नवाच्या भोवती ओरखडे आहेत का बघा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय खूश होऊ नका.

देव्हाऱ्यात तांब्याची जाड, ओबडधोबड चकती असेल आणि तिच्यावर ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’ अशी अक्षरं अर्धीमुर्धी लागत असतील, तर ती शिवराई. महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, पाडली गेलेली ही नाणी इंग्रजी अमलातही लोकांच्या व्यवहारात होती. चकतीवर पूर्ण मजकूर क्वचितच उमटलेला असतो; सगळी अक्षरं सुबक, पूर्ण दिसत असतील तर उलट शंका घ्या. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडच्या घरांत पोर्तुगीज रुपिया, तांगा, आणि १९६१च्या आधीच्या दोन-तीन वर्षांतले एस्कुडोही सापडतात. त्यांचा वेगळा कप्पा करा.

७. घासू नका

आजीच्या ट्रंकेतून निघालेल्या सात शिवराया मी चिंच आणि राखेनं घासल्या. देवाची भांडी घासतात तशा, मन लावून. लखलखीत झाल्या. नंतर कळलं की शे-दोनशे वर्षांत धरलेला तो गडद थर हेच त्या नाण्याचं वय आणि त्याची ओळख होती. घासताना आधीच पुसट असलेली अक्षरंही गेली. त्या सातही अजून माझ्याकडे आहेत, आणि त्यातल्या तीन आता वाचता येत नाहीत.

लिंबू, चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, रबर, काही नाही. मातीच असेल तर साध्या पाण्यात काही तास ठेवा, न घासता मऊ कपड्यानं टिपा आणि पूर्ण वाळू द्या. नाणं कायम कडेनं धरा; बोटाचा घाम तांब्यावर ठसा उमटवतो. देव्हाऱ्यातल्या नाण्यांवर हळदकुंकू असेल तर तेही राहू द्या.

८. ठेवायचं कसं

पाकीट घेताना पीव्हीसी नसलेलं मागा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये काही वर्षांनी नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो. मधे पारदर्शक खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं स्वस्त आणि चांगली. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दिवाळीनंतर बदला.

वहीत प्रत्येक नाण्यासाठी एक ओळ : मूल्य, साल, टांकसाळ, धातू, वजन, कुठे आणि कधी मिळालं. शेवटचा रकाना लोक वगळतात. तोच वीस वर्षांनी सगळ्यांत जास्त वाचला जातो. विकत घेतलेल्या नाण्याची पावती आणि घरातून मिळालेल्या नाण्याची नोंद एकत्र ठेवा. पुढे कुणी विचारलं तर हीच तुमची कागदपत्रं.

९. किंमत, विक्री आणि फसवणूक

किंमत तीन गोष्टींवर ठरते : नाणी किती उरली आहेत, किती लोकांना हवी आहेत, आणि तुमच्या हातातलं नाणं किती कमी झिजलेलं आहे. वय यात फार मागे येतं. दोनशे वर्षांचं तांब्याचं नाणं स्वस्त असू शकतं आणि चाळीस वर्षांचं महाग. जाहिरातीतली मागितलेली किंमत बघू नका. लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दोन-तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांना एकच नाणं दाखवून अंदाज घ्या.

आता फसवणूक. माझ्या मावसभावाकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं होतं, २०१२चं. एका जाहिरातीवर त्यानं फोटो पाठवला. समोरच्यानं लाखांत किंमत सांगितली, मग नोंदणी फी मागितली, मग कर, मग पैसे सोडवायचे म्हणून आणखी काही. प्रत्येक वेळी रक्कम छोटी, म्हणून तो देत गेला. शेवटी फोन बंद. वैष्णोदेवीचं नाणं भाविक प्रेमानं ठेवतात, पण ते मोठ्या संख्येनं निघालेलं नाणं आहे.

म्हणून लक्षात ठेवा :

- विकत घेणारा माणूस तुमच्याकडे पैसे मागत नाही. मागितले की तिथेच थांबा.
- रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही आणि असल्या व्यवहारासाठी कुणाकडून शुल्कही घेत नाही. तिनं ऑगस्ट २०२१मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. तिच्या नावाचं पत्र आलं तर ते खोटं.
- ओटीपी, क्यूआर कोड, आधारचा फोटो देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.
- राम दरबार किंवा हनुमान असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली नाणी कंपनीनं कधीच काढली नव्हती. ती अलीकडे बनवलेली आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण पैसे मोजू नका.
- तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं, म्हणजेच ‘राइस पुलर’, असं काही नसतं. त्यापायी शेतं विकलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो. कुणी प्रयोग करून दाखवतो म्हणालं तरी जाऊ नका.
- ७५, १००, १२५, १५० रुपयांची नाणी चलनासाठी नसतात. ती टांकसाळ संग्राहकांना थेट विकते. चिल्लरीत मिळाल्याचं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

१०. कायदा थोडक्यात

नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा २०११च्या नाणेविषयक कायद्यानुसार गुन्हा आहे. पाया खोदताना किंवा शेत नांगरताना गाडगं सापडलं तर ते तुमचं होत नाही; १८७८चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. ती परदेशी नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला शिवराई भेट म्हणून बॅगेत घालून देऊ नका, विमानतळावर अडचण होईल.

११. नजर तयार करायला कुठे जायचं

मुंबईत फोर्टला सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि वही न्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचं दालन आहे. आणि नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणार असाल तर वाटेत अंजनेरीला उतरा. तिथे डोंगराच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची, संग्रहालयासह. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. शिवराईवरची अर्धी तुटलेली अक्षरं कशी लावायची ते मी तिथल्या तक्त्यांसमोर उभं राहून शिकलो, आणि घरी आल्यावर त्या घासलेल्या सातांपैकी चार मला वाचता आल्या.